तो कॅसिओ विकायचा नाही



मागच्या व्हिडिओत मी जीव तोडून उधारी वसुलीवर बोलत होतो आणि कमेंटमध्ये अर्ध्या लोकांचं लक्ष माझ्या मागच्या रॅककडे. "सर, मागे कॅसिओ आहे का?" "विकायचा असेल तर किती सांगता?" आपल्याकडे लोणी देवकर घ्या नाहीतर इंदापूर, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आणि वायर असलेलं कुठलंही वाद्य म्हणजे कॅसिओच. तो कॅसिओ नाही. तो कॉर्ग एम१ आहे, १९८८ साली बाजारात आलेला सिंथेसायझर. शेजारी जी पुस्तकाएवढी काळी पेटी दिसते, ती कॉर्गचीच व्होल्का. हे मॉडेल २०१३ चं. सहा पेन्सिल सेलवर चालते, स्पीकर आतच आहे. लाईट गेली की दुकानाच्या मागच्या खोलीत मी तीच घेऊन बसतो.

दोन्ही विकायचे नाहीत. पण हा प्रश्न आला म्हणून एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला थोडी लाजही वाटते, कारण त्यात चूक माझी आहे.

एम१ मी घेतला फेब्रुवारीत, ४२ हजारांना, आणि पैसे दिले गल्ल्यातून. माझं दुकान मोटार-स्टार्टर आणि केबलचं. आमचा सीझन मार्चपासून लागतो, विहिरी खाली गेल्या की. त्या वर्षी अडीच लाखांचा माल भरायचा होता. रोखीत घेतला तर होलसेलवाला तीन टक्के सोडतो, म्हणजे साडेसात हजार. मला ४२ हजार कमी पडले, माल उधारीवर उचलावा लागला आणि साडेसात हजार गेले. म्हणजे एम१ मला ४२ ला नाही, ४९,५०० ला पडला. शिवाय माल दहा दिवस उशिरा आला. एक नेहमीचं गिऱ्हाईक दोनदा केबलसाठी येऊन रिकाम्या हाताने गेलं, तिसऱ्यांदा आलंच नाही. हे नुकसान कुठल्या वहीत लिहायचं?

बीबीएच्या पहिल्या वर्षाला 'ड्रॉइंग्ज' शिकवतात. मालकाने स्वतःसाठी काढलेला पैसा, साध्या भाषेत मालकाची उचल. मी त्यात पास झालो होतो, मार्कही बरे होते. तरी एम१ मी खरेदी खात्यात टाकला. मनात म्हणालो, "व्हिडिओला बॅकग्राउंड म्युझिक करू, म्हणजे धंद्याचाच खर्च." स्वतःला फसवायला मालकाइतका हुशार माणूस दुसरा नसतो.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आलेला एक फोन. आपल्याच तालुक्यातला मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा, बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. त्याला मुद्रा योजनेतून तीन लाखांचं कर्ज काढायचं होतं. त्यातून जुने सिंथेसायझर गोळा करायचे, खोली सजवायची, ते भाड्याने द्यायचे आणि चॅनल काढायचं. मी विचारलं, "या तालुक्यात जुना सिंथ भाड्याने मागणारी तीन गिऱ्हाईकं सांग." तो गप्प. मग म्हणाला, "सर, तुम्हीच तर सांगता ना, पॅशनलाच प्रोफेशन बनवा."

बरोबर आहे. मी म्हणालो होतो. सगळेच ट्रेनर म्हणतात, टाळ्याही पडतात. आज मी ते वाक्य मागे घेतो. काही आवडी धंद्याच्या कामाच्या नसतात आणि तो त्यांचा दोष नाही. दिवसभर ज्याचा भाव करावा लागत नाही, अशी एखादी वस्तू माणसाकडे असावी.

तुम्ही म्हणाल, पण सर, ते चरणजितसिंग? ही गोष्ट मोटिव्हेशनल रीलमध्ये फिरते, म्हणून नीट सांगतो. चरणजितसिंग मुंबईचे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी भैरव, भूपाळी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. मशिनं तीनच, रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. रेकॉर्ड फारशी चालली नाही. वीसेक वर्षांनी ती दिल्लीत एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली. कारण शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ वर १९८७ मध्ये ज्याला 'अॅसिड हाउस' म्हणतात ते संगीत आणलं, त्याच्याशी हे विलक्षण जुळत होतं, आणि यांनी तर पाच वर्षं आधी वाजवलेलं! पुढे सत्तरी ओलांडलेल्या चरणजितसिंगांनी युरोपात कार्यक्रमही केले. २०१५ मध्ये ते गेले.

यावरून "चिकाटी ठेवा, मार्केट येतंच" असं सांगतात. अहो, अठ्ठावीस वर्षांनी आलं! तेवढे दिवस हप्ता कोण भरणार होतं? मला दिसतं ते वेगळं. त्यांचं घर रेकॉर्डिंगच्या कामावर चालत होतं, ती रेकॉर्ड चालण्यावर चूल अवलंबून नव्हती. म्हणून तर त्यांना हवं ते करून बघता आलं. आणि ३०३ बनवणाऱ्या कंपनीलाही ती तेव्हा लाभली नाही. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं मशीन, लोकांना ते बेससारखं वाटलंच नाही. १९८४ मध्ये बंद. आज तीच जुनी ३०३ काही लाखांना जाते, पण तो पैसा कंपनीला मिळत नाही.

"मग गुंतवणूक म्हणून घ्यावी का?" असाही एक प्रश्न होता. बघा, ३०३ ची नक्कल बेरिंजर कंपनीने २०१९ मध्ये काढली, मूळ किमतीच्या मानाने किरकोळ पैशात. माझा एम१ तर कॉर्गनेच आयपॅडचं अॅप करून टाकलाय. त्या काळी सुमारे अडीच लाख एम१ विकले गेले असं म्हणतात, म्हणजे दुर्मीळही नाही. माझा उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतच शोधावं लागेल. दुकानाच्या भाषेत याला डेड स्टॉक म्हणतात. फक्त हा डेड स्टॉक रात्री वाजतो.

आणि काय वाजतो! त्यातला पियानो खऱ्या पियानोसारखा नाही, थोडा काचेचा आहे. नव्वदच्या दशकातल्या कॅसेट ऐकत वाढलेल्या माणसाला तो कुठूनही ओळखू येतो. व्होल्काची मजा वेगळी, तिच्यात तयार पियानो-बासरी नाही. एक भाग कच्चा सूर काढतो, फिल्टर त्याची धार कापतो, तिसरा भाग आवाज किती पटकन चढेल आणि किती हळू विरेल ते ठरवतो. बटणं फिरवता फिरवता विहिरीवरच्या मोटारीसारखा आवाज निघाला की मी एकटाच हसतो.

घ्यायचाच असेल तर दुकानदार म्हणून एवढं सांगतो. जपानहून आलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही २३० च्या बोर्डाला लावलंत, तर सप्लाय जळाला म्हणून समजा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. एम१ च्या काळातल्या मशिनात आत एक नाण्यासारखा सेल असतो, तो संपला की साठवलेले आवाज पुसले जातात. माझ्याने महिन्यातच दगा दिला. डिस्प्लेही अंधूक होता, विकणाऱ्याने फोटो बरोब्बर उन्हात काढलेला. प्रत्येक पट्टी दाबून बघा, लाजू नका.

पैशाचं म्हणाल तर आता माझा एक वेगळा डबा आहे. महिन्याची माझी ठरलेली उचल घरी जाते, त्यातून उरलं तर डब्यात. व्होल्का त्या डब्यातून आली, आठ महिने लागले. गल्ल्याला हात नाही.

त्या मुलाला मी बसवून हिशोब मांडायला लावला. बारा टक्क्यांनी तीन लाखांचा तीन वर्षांचा हप्ता महिना दहा हजारांच्या आसपास. चातुर्मासात लग्नं नाहीत, मधे गणपती आणि नवरात्र तेवढं. मग त्यानेच सांगितलं की त्याच्या कीबोर्डच्या चार पट्ट्या अडकतात आणि चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या तोंडावर आल्यात. कर्ज घ्यायचंच तर ते या कामासाठी! त्याने पन्नास हजारांच्या आतलं, शिशु गटातलं कर्ज घेतलं आणि देशी आवाज भरलेला चांगला कीबोर्ड आणला. जुन्या सिंथसाठी त्यानेही डबा केलाय. किती साठले ते विचारलं की विषय बदलतो.

परवा तो दुकानात आला आणि एम१ वर तासभर बसला. स्टार्टर घ्यायला आलेले एक काका तिथेच उभे राहून ऐकत होते. मी आधी त्यांचं बिल केलं, मग ऐकायला बसलो.