फ्रॅजाइल लिहिलं की सुटलो!

जुन्या ऑडिओच्या नादी लागलेल्या आपल्या जमातीचं एक ठरलेलं रडगाणं आहे. ॲम्प्लिफायर मागवायचा, तो फुटून आला की हमालाच्या नावाने बोटं मोडायची. "अहो, एवढं ठळक फ्रॅजाइल लिहिलं होतं, तरी आपटलं!" मला हे रडगाणं आता ऐकवत नाही. हमाल आपटणार हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तर स्टिकर लावलात ना? मग आपटलं तरी फुटू नये अशी सोय का नाही केली?

तर मुद्दा असा की, जड आणि नाजूक या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे आपल्या डोक्यात शिरतच नाही. मिरजेचा तंबोरा कोणी पाठवला तर त्याचा भोपळा बघून पोरसुद्धा जपून हात लावतं. पण काळा लोखंडी डबा दिसला की सगळ्यांचं एकमत, "लोखंडी आहे, काय होतंय?" होतं असं की त्या डब्यातलं निम्मं वजन एका कोपऱ्यात असतं. ट्रान्सफॉर्मर! सहा-सात किलोचा ठोकळा, चार बोल्टांवर, मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यावर बसवलेला. तो टेबलावर बसण्यासाठी डिझाइन केलेला असतो, टेम्पोतून उडी मारण्यासाठी नाही.

आता थोडं गणित. इंजिनिअरिंगला फिजिक्स सगळ्यांनीच घासून पास केलंय, त्यामुळे तक्रार नको. वस्तू किती उंचीवरून पडली भागिले किती अंतरात थांबली, म्हणजे सरासरी किती 'जी' चा धक्का बसला ते मिळतं. पार्सलच्या चाचण्यांसाठी इस्टा (इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन) नावाच्या संस्थेचे नियम आहेत. त्यांच्या प्राथमिक चाचणीत साधारण 21 किलोचं खोकं 46 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात. एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. (हलकं खोकं आणखी उंचावरून पाडतात, कारण हलकं खोकं माणसं फेकतात. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव बरोबर कळलाय.) म्हणजे पार्सल पडणारच हे जगाने कधीच मान्य केलंय, फक्त आपण अजून स्टिकर चिकटवतोय.

आपलं नेहमीचं पॅकिंग घ्या. बबल रॅपचे दोन फेरे. अठरा किलोच्या ॲम्प्लिफायरखाली ते फुगे आदळल्यावर चपटे होतात, हाताशी उरतात तीन मिलिमीटर. 46 सेंटिमीटर भागिले 0.3, म्हणजे दीडशे जी. सात किलोचा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी एक टनाहून जास्त जोर लावतो. चार बोल्टांवर! आता त्याजागी पाच सेंटिमीटर जाडीचा चांगला ईपीई फोम धरा, आदळल्यावर निम्मा दबणारा. अठरा जी. तोच ट्रान्सफॉर्मर सव्वाशे किलो. शिखराचा धक्का सरासरीच्या दुप्पट धरला तरी फरक कुठल्या कुठे जातो ते बघा. हमाल तोच, उंची तीच.

थर्मोकोल? एक धक्का छान खातो, मग त्याचा भुगा होतो. दुसऱ्या धक्क्याला जागा रिकामी. गादीचा फोम? हाताला गोड लागतो, पण अठरा किलोखाली आधीच तळाला टेकलेला असतो. वर्तमानपत्राचे बोळे आणि थर्मोकोलचे दाणे यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. जड वस्तू त्यातून वाट काढत खाली जाऊन बसते.

यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींचं उत्तर तयार असतं. "मोठं खोकं केलं की कुरिअरवाले व्हॉल्युमेट्रिक वजन लावतात." लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. बरोबर. पण कधी आकडे घालून बघितलेत का? 42 बाय 36 बाय 15 सेंटिमीटरचा, अठरा किलोचा ॲम्प्लिफायर घ्या. 54 बाय 48 बाय 34 चं खोकं केलं तर हिशेब येतो 17.6 किलो. म्हणजे खऱ्या वजनापेक्षा कमी! सेव्हन-प्लायच्या पुठ्ठ्याची जाडी वजा केली तरी चारी बाजूंनी जवळपास पाच सेंटिमीटर आणि वर-खाली आठ सेंटिमीटर फोमची जागा त्या वजनातच मिळते. वाढतं ते फक्त पॅकिंगचं दोन-तीन किलो वजन. ज्या वस्तूला जागा सर्वात स्वस्त पडते, तिलाच आपण सर्वात घट्ट खोक्यात कोंबतो.

हे सगळं लिहायचं कारण वडवणीत घडलेला एक प्रकार. आमच्या गावात एक मंडपवाले काका आहेत. लग्नं, हरिनाम सप्ताह, गणपती, सगळीकडे त्यांचा व्हॉल्व्हवाला जुना अहुजा वाजलेला. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थाने फोटो बघून नऊ हजारांना ठरवला. काकांनी विचारलं, "साहेब, लाकडी पेटी करून पाठवू का? सुतार बाराशे म्हणतोय." साहेब म्हणाले, "छे हो, कशाला, नुसतं नीट गुंडाळा आणि फ्रॅजाइल लिहा." पार्सल ऑफिसवाल्याने तीनशे रुपये वेगळे घेऊन एक फेरा बबल रॅप मारला, वर गोणपाट. वडवणी ते बीड टेम्पो, बीड ते पुणे ट्रक, तिथून गोडाऊन, मग डिलिव्हरीची छोटी गाडी. तीन गाड्या, सहा वेळा उचल-ठेव. पुण्यात खोकं उघडलं तेव्हा मेन ट्रान्सफॉर्मर पत्रा फाडून निघालेला आणि चारही आउटपुट व्हॉल्व्हचा चुरा. व्हॉल्व्ह काढून वेगळे पॅक करायचे असतात हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं ऐका. साहेबांनी पैसे परत मागितले, काकांनी मुकाट्याने दिले. साहेबांच्या ग्रुपवर शेरा पडला, "गावाकडचं पॅकिंग, दुसरं काय होणार!" राग आला तो याचा. ज्याने पेटीला नाही म्हटलं तो नामानिराळा, जो पेटी करायला तयार होता तो गावठी. आणि नुकसान पुन्हा त्याचंच, ज्याच्याकडे दुसरा अहुजा नाही.

मी म्हणतो, पॅकिंगचा खर्च घेणाऱ्याने द्यायचा, आगाऊ द्यायचा, आणि कसं करायचं तेही त्यानेच सांगायचं. विंटेज म्हणजे काय हे त्याला माहीत आहे, इंटरनेट त्याच्याकडे आहे, हौस त्याची आहे. नऊ हजारांच्या वस्तूला बाराशेची पेटी महाग वाटत असेल तर स्वतः जाऊन घेऊन या. पुणे-वडवणी सहा-सात तासांचा रस्ता आहे. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये रविवार घालवतो आपण, एक रविवार इकडे.

आणि सामान वडवणीतही मिळतं. फ्रिज-टीव्हीच्या दुकानामागे सेव्हन-प्लायची खोकी आणि फोमचे कोपरे पडलेले असतात, मागितले तर फुकट. आधी झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर आणि वरच्या पत्र्यामध्ये फोमचा तुकडा घट्ट बसवायचा. खालचे रबरी पाय काढायचे, नाहीतर सगळं वजन चार ठिपक्यांवर येतं. पुढच्या नॉबना फोम टेकता कामा नये, तिथे खाच कापायची. सगळं पातळ प्लास्टिकमध्ये, मग फोम, मग खोकं, जमलं तर त्याबाहेर दुसरं खोकं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची जड थाळी आणि टोनआर्मचं मागचं वजन काढून वेगळं ठेवायचं. थाळी जागेवर ठेवून पाठवणाऱ्याला काय म्हणावं, कळत नाही. आणि खोक्याला दोन बाजूंना धरायला खाचा ठेवा हो. हमालाने वीस किलोचं गुळगुळीत खोकं धरायचं कुठे? महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे, पण त्याच्या कंबरेचा विचार आपल्या खोक्यात कुठेच नसतो.

कायद्याचं निघालंच आहे तर बिल्टीचंही सांगतो. "माल मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का बघून काका गप्प बसले. 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आणि त्याखालचे 2011 चे नियम असं सांगतात की ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडं साडेचारशे असेल तर साडेचार हजार, म्हणजे काकांचे निम्मेच. पूर्ण हवे असतील तर बुकिंगच्या वेळी किंमत लिहून जास्त जोखमीचा दर भरायचा. दाव्याची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत गेली पाहिजे. काकांचं बुकिंग होऊन पाच महिने झालेत. पॅकिंग करतानाचे फोटो नाहीत, पण तीनशे रुपयांची पॅकिंगची पावती आहे. नोटीस मी लिहून दिली आहे, या सोमवारी डाकेने जाईल.