बांधाला बांध जोडण्यापूर्वीं

विलायती ग्रंथकाराच्या बागेचें शेतकऱ्यास काय, असें कोणी म्हणेल. परंतु स्कॉटलंडांत ट्वीड नदीच्या कांठीं ॲबट्सफर्ड येथें सर वॉल्टर स्कॉट याची जी बाग आजपावेतों राखली आहे, तिच्या कथेंत खातेदारानें घेण्याजोगा बोध आहे, असें आम्हांस वाटतें.

या बागेचा एक भाग उंच भिंतींनीं वेढलेला आहे. त्या देशीं थंडी व वारा फार. भिंत वारा अडविते आणि दिवसा सांठविलेली उन्हाची ऊब रात्रीं परत देते; म्हणून फळझाडें भिंतीलगत लावण्याचा तिकडे प्रघात आहे. घराला लागणारी भाजी, फळें व फुलें याच वाफ्यांतून येत.

स्कॉट हा एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांतील कारकून व नामांकित कादंबरीकार. १८११ सालीं त्यानें येथें सुमारें ११० एकरांचें शेत घेतलें. तेवढ्यावर तो थांबता तर बरें होतें. शेजारची जमीन निघाली कीं घ्यावयाची, असें करतां करतां क्षेत्र हजार एकरांच्या वर गेलें. आपल्याकडे उभ्या पिकावर उचल घेतात. यानें न लिहिलेल्या पुस्तकांवर घेतली, म्हणजे पेरणीपूर्वींच! शिवाय एका छापखान्यांत त्याची गुप्त भागी होती. १८२६ सालीं प्रकाशक व छापखाना दोन्ही बुडाले, आणि त्याच्या माथीं १ लक्ष पौंडांहून अधिक देणें आलें.

त्यानें दिवाळें काढलें नाहीं. घर आधींच मुलाच्या नांवें केलेलें होतें. धनकोंनीं त्यास तेथें राहूं दिलें. लेखणीच्या कमाईवर कर्ज फेडीत तो १८३२ सालीं त्याच घरांत वारला. उरलेलें देणें पुढें त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून फिटलें. १८३३ सालीं ती वास्तु लोकांस पाहण्यासाठीं खुली झाली.

त्याच्या सचोटीची वाहवा होते, ती योग्यच. परंतु आम्हीं मुलकी दप्तरांत आयुष्य घालविलें. हौसेनें कर्ज काढून घेतलेली जमीन, व तिच्यापायीं वडिलोपार्जित जमीनहि, फेरफारांत दुसऱ्याच्या नांवें चढतांना किती वेळां पाहिली, याची गणती नाहीं. त्या खातेदारांपैकीं कोणाच्याहि हातीं स्कॉटची लेखणी नव्हती. म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, नवी जमीन घेण्यापूर्वीं पीक घरांत येऊं द्यावें. आणि असलेल्यांतले निदान पांच गुंठे, विहिरीजवळ चांगलें कुंपण घालून, घरच्या भाजीफळांसाठीं राखावे.