काट्यावरचे अर्धे मिनिट कोणाच्या हिशेबात?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा बारामती अॅग्रो. बारामती आणि इंदापूर या दोन लगतच्या तालुक्यांत एवढे साखर कारखाने आहेत. याच पट्ट्यात शारदानगरच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग उभा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याची चित्रफीत जगापुढे ठेवली आणि बारामतीचा ऊस चर्चेत आला. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाअॅग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

शेतात सेन्सर आले, आकाशातून उपग्रह पिकावर नजर ठेवतो आहे, कारखान्यांत संगणकीकरण कधीच झाले. आता विचारायचे ते एवढेच की ही सगळी संगणकशक्ती नेमकी कशासाठी हवी, किती हवी आणि कोणत्या घटकेला हवी. माझे मत स्पष्ट आहे. कारखान्याच्या संगणकाची क्षमता सर्व्हरच्या आकड्यांवर ठरवू नये. तोडलेला ऊस किती तासांत गव्हाणीत पडला, साखरेचा उतारा किती राखला आणि उसाचे पैसे कायद्याच्या मुदतीत सभासदाच्या खात्यात गेले का, या तीन गोष्टींवर ती ठरली पाहिजे. या मताविरुद्ध चार आक्षेप नेहमी घेतले जातात. ते सारे प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा समाचारही नीट घ्यायला हवा.

पहिला आक्षेप असा की कारखाना टनांवर चालतो; संगणक हा कार्यालयीन खर्च आहे, त्याला गाळपाच्या नियोजनात कशाला आणायचे?

हिशेबच करून पाहू. समजा, एक कारखाना दिवसाला ५,००० टन गाळतो. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी अशी सगळी वाहने मिळून सरासरी १० टन धरले तर दिवसाला ५०० गाड्या होतात, म्हणजे तासाला सुमारे २१. भरलेल्या गाडीचा काटा वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा आहे. भरलेल्या गाडीचे वजन, नोंद, फोटो आणि पावती मिळून दोन मिनिटे लागतात. म्हणजे तासातली ४२ मिनिटे काटा व्यग्र आणि १८ मिनिटे मोकळा. आता आज्ञावली थोडी मंदावली, पावतीला अर्धे मिनिट जास्त लागू लागले. काटा तासाला साडेबावन्न मिनिटे व्यग्र झाला. अजूनही साडेसात मिनिटे शिल्लक आहेत, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

पण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. दुपारपर्यंत तोड झाली की संध्याकाळी एकदम येतात. अशा विस्कळीत येण्याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी १९०९ पासून मांडायला सुरुवात केली आणि त्यातून रांगशास्त्र उभे राहिले. त्यातल्या अगदी साध्या सूत्राने पाहिले तर पहिल्या स्थितीत गाडीला काट्यापुढे सरासरी जवळपास पाच मिनिटे थांबावे लागते. अर्धे मिनिट वाढल्यावर हे थांबणे सतरा मिनिटांच्या पुढे जाते. आणखी पंधरा सेकंद वाढले तर एका तासाच्याही वर जाते. काम पाऊणपट वाढले असते तर समजू शकलो असतो. इथे पाऊण मिनिटाने रांग चौदा-पंधरा पट लांबते. क्षमतेच्या कडेला गेलेली कोणतीही यंत्रणा अशीच वागते.

त्या रांगेत उभा असतो तोडलेला ऊस. तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावे, हे या धंद्यातले मूळ सूत्र आहे. त्यापुढे वजन घटते आणि साखरही घटते. वजनाची घट शेतकऱ्याच्या खिशातून जाते, साखरेची घट कारखान्याच्या. मग त्या पाऊण मिनिटाला ‘कार्यालयीन’ म्हणायचे कसे? गव्हाणीइतकाच तो गाळपाचा भाग आहे.

दुसरा आक्षेप संगणक पुरवणाऱ्यांकडून येतो. त्यांचा अहवाल सांगतो की यंत्रणा वर्षभरात ९९ टक्के वेळ चालू होती आणि सर्व्हरवर ताणही नव्हता, मग तक्रार कसली?

वर्षाचा एक टक्का म्हणजे साडेसत्याऐंशी तासांहून थोडा जास्त वेळ. हे तास ऑगस्टमध्ये गेले तर कोणाला कळणारही नाही. जानेवारीत गेले आणि त्या काळात ऊस आत घेता आला नाही, तर ५,००० टनांच्या कारखान्यात सव्वाअठरा हजार टन उसाचे गाळप अडते. अहवालात दोन्हींची किंमत सारखीच, एक टक्का. ज्या धंद्याचे सारे वर्ष पाच महिन्यांच्या हंगामात कमवायचे असते, त्या धंद्याला वार्षिक सरासरी लावणे ही मुळातली चूक आहे.

सर्व्हरवर ताण नसण्याचेही तसेच. दिवसाला हजार वजनांच्या नोंदी साठवणे ही आजच्या कोणत्याही साध्या सर्व्हरला किरकोळ गोष्ट आहे. वेळ खातात त्या दुसऱ्याच जागा. पावतीचा प्रिंटर, फोटो पाठवणारी लाइन, वीज गेल्यावर बॅटरीवर न टिकणारे स्विच, काट्याच्या केबिनमधली धूळ. सर्व्हरचा प्रोसेसर दहा टक्केही वापरात नसताना बाहेर गाड्या खोळंबलेल्या असू शकतात. साखळीतली सर्वांत अरुंद जागा सोडून सर्वांत रुंद जागेचे माप घेतले तर अहवाल चांगलाच येणार.

आणि हा खोळंबा कागदावर कुठे उतरतो? दररोजच्या गाळप अहवालात बंद तासांची विभागणी असते: यांत्रिक, विद्युत, ऊसटंचाई, सफाई, इतर. काटा अडला आणि गव्हाण रिकामी राहिली तर ते तास बहुधा ऊसटंचाईत किंवा ‘इतर’मध्ये जाणार. यार्डात ऊस उभा आणि कागदावर ऊसटंचाई! दोष नोंदीच्या रकान्यात आहे. जे वेगळे मोजले जात नाही, त्याच्या दुरुस्तीला संचालक मंडळात कोणी पैसे मागू शकत नाही.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. सगळे क्लाउडवर न्या. लागेल तेवढी क्षमता भाड्याने मिळते, नियोजनाची गरजच संपली.

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. बिले, सभासदांचे मोबाईल अॅप, उपग्रहाच्या प्रतिमा, तोडणीचा कार्यक्रम जाहीर झाला की एकाच संध्याकाळी हजारो सभासदांनी त्याकडे घेतलेली धाव, या कामांना क्लाउड योग्य आहे. पाच महिन्यांच्या भारासाठी घेतलेली यंत्रे सात महिने रिकामी ठेवण्यापेक्षा भाड्याची क्षमता शहाणपणाची. पण काटा क्लाउडच्या भरवशावर सोडता येत नाही. रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली, टॉवर बंद पडला, तरी वजन झाले पाहिजे आणि पावती निघाली पाहिजे. म्हणून काट्याची यंत्रणा स्वतःच्या पायावर उभी हवी. लाइन आल्यावर नोंदी वर जाव्यात. आता कोणते काम कुठे ठेवायचे हे कोणी सांगायचे? उद्दिष्ट ठरलेले असेल तर ते उद्दिष्टच सांगते. क्लाउड क्षमता विकत देतो, प्राधान्य ठरवून देत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ऊस किती येणार हे पाऊस ठरवतो, मग कसले नियोजन करता? २०२१-२२ मध्ये राज्यात विक्रमी ऊस झाला, साखर १३७ लाख टनांच्या आसपास गेली, गाळप जूनपर्यंत रेंगाळले आणि एक मेनंतरच्या गाळपाला घटलेल्या उताऱ्यापोटी टनाला २०० रुपये अनुदान द्यावे लागले. तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, साखर ८० लाख टनांच्या घरात उतरली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले. एवढ्या अनिश्चिततेत क्षमतेचा आराखडा काय कामाचा?

हा आक्षेप मला पटत नाही, कारण आपल्या हातात काय आहे याचा त्याला विसर पडतो. आडसाली ऊस जून ते ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी आणि सुरू उसालाही वर्षभर लागते. लागणीची नोंद शेतकी खात्याकडे गट, जात आणि तारखेसह असते. म्हणजे आपल्यावर किती भार येणार आहे, हे कारखान्याला वर्ष-दीड वर्ष आधी बऱ्यापैकी कळते. हिंजवडीतल्या कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीला आपल्या ग्राहकांबद्दल एवढी आगाऊ माहिती मिळत नाही. पाऊस त्या अंदाजात वरखाली करतो, म्हणून एक आकडा न धरता तीन धरावेत: कमी उसाचा हंगाम, नेहमीचा आणि विक्रमी. अनिश्चितता हे नियोजन करण्याचे कारण आहे, टाळण्याचे नव्हे.

खंडन इथे पुरे. आता मांडणी.

आधी उद्दिष्ट आणि मग क्षमता, ही रीत या भागाला नवी नाही. नीरा डावा कालवा १८८५ पासून इथले पाणी वाहतो आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्यात पाणी किती मावते एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणत्या ब्लॉकमध्ये कोणती पिके, उसाचा हिस्सा किती, हे आधी ठरवायचे आणि त्यावरून पाणी द्यायचे, हा त्यांचा क्रम होता. संगणकाच्या क्षमतेलाही हाच क्रम लागू आहे.

पहिली पायरी, उद्दिष्ट तासांत आणि रुपयांत लिहावे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) दिली पाहिजे. उशीर झाला तर दरसाल १५ टक्के व्याज. बहुतेक ठिकाणी बिल पंधरवड्याचे निघते. एक तारखेला घातलेल्या उसाची मुदत पंधरा तारखेला भरते, आणि पंधरवडा संपतो तोही पंधरा तारखेलाच. म्हणजे वजने जुळवणे, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, सोसायटीची वसुली वजा करणे, बँकेला यादी पाठवणे, या सगळ्याला सवड अशी नाहीच. टनाला ३,००० रुपये धरले तर आपल्या ५,००० टनांच्या कारखान्याचे पंधरवड्याचे बिल साडेबावीस कोटींचे होते आणि त्यावरचे एका दिवसाचे व्याज सुमारे ९२ हजार. तेव्हा मागणीपत्रात ‘जलद सर्व्हर’ असे लिहू नये. ‘पंधरवडा संपल्या रात्रीच बिल तयार’ असे लिहावे. पुरवठादाराचा करारही याच ओळीवर तपासावा.

दुसरी पायरी, शेतातला संगणक आणि कारखान्यातला संगणक जोडावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगातून पीक कधी पक्व होते याचा अंदाज मिळू शकतो. पण तोडणीचा कार्यक्रम फक्त लागणीच्या तारखेवर लागत राहिला तर त्या अंदाजाचा उताऱ्याला उपयोग शून्य. उतारा एक दशांश टक्क्याने वाढला तर दीडशे दिवसांच्या हंगामातल्या साडेसात लाख टन उसातून ७५० टन साखर जास्त मिळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दरानेही ती सव्वादोन कोटींच्या पुढे जाते. माहितीच्या साठ्यावर किती खर्च करावा, याचे उत्तर या आकड्यातून निघते. प्रयोगात सहभागी झालेल्या हजारभर शेतकऱ्यांकडून लाखो एकरांवर जाताना ऊसनोंदी घेणाऱ्या चिटबॉयने मोबाईलवर भरलेली नोंद त्याच रात्री तोडणीच्या यादीत उतरते का, ही क्षमतेची खरी परीक्षा असेल.

तिसरी पायरी, हंगामापूर्वी चाचणी. बॉयलर पेटवण्यापूर्वी त्याची तपासणी होते, मिलचे रोलर तपासले जातात. संगणकाला मात्र थेट पहिल्या मोळीच्या दिवशी उभे केले जाते. गेल्या हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या गाड्या दीडपट करून यंत्रणेतून काढाव्यात. मुद्दाम लाइन तोडून, वीज बंद करून काटा चालवून पाहावा. ऑक्टोबरमध्ये सापडलेली अडचण स्वस्तात सुटते.

चौथी पायरी, बंद तासांत ‘संगणक व दळणवळण’ हा स्वतंत्र रकाना. आणि हंगामात आठवड्यातून एकदा शेतकी अधिकारी, चीफ केमिस्ट, चीफ अकाउंटंट आणि संगणक विभागाचे प्रमुख यांची एकत्र बैठक. संगणक विभागाला उताऱ्याचे बोलता आले पाहिजे आणि केमिस्टला रांगेचे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. कित्येकदा नवा सर्व्हर टाळून एक जादा प्रिंटर, दुसरी लाइन आणि चांगली बॅटरी एवढ्यावर भागते. लागते ती उद्दिष्टापासून सुरुवात करण्याची शिस्त.

सभासद बंधू-भगिनींनो, सप्टेंबरच्या आसपास वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. दर, उतारा आणि कर्ज यांवर आपण बोलतोच. यंदा तीन प्रश्न आणखी विचारा. गेल्या हंगामात भरलेली गाडी यार्डात सरासरी आणि जास्तीत जास्त किती वेळ थांबली? पंधरवड्याचे बिल संगणकातून किती दिवसांनी निघाले? संगणकामुळे गाळप किती तास बंद राहिले? उत्तरे आकड्यांत मागा आणि ती पुढच्या अहवालात छापून घ्या.