सेवाव्रत की वेठबिगार?

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात अवघ्या मराठवाड्याचे रुग्ण येतात. तो भार प्रामुख्याने निवासी डॉक्टर वाहतात. सर्वसाधारणपणे सलग १२ तासांहून अधिक काम नको, हा केंद्राचा १९९२चा निर्देश कागदावरच राहिला. डॉक्टरांवरील हल्ल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, हा राज्याचा २०१०चा कायदा. तरीही हल्ले थांबलेले नाहीत.

याच नगरीत १९८९ साली ध्येयवादी तरुण डॉक्टरांनी डॉ. हेडगेवार रुग्णालय उभारले. ते व्रत स्वेच्छेचे होते. स्वीकारलेले व्रत माणसाला घडविते. लादलेले राबणे त्याला मोडते. सेवाभावाचे पाठ देणाऱ्या शासनाने आधी रिक्त पदे भरावीत, कामाचे तास पाळावेत. डॉक्टरला देव म्हणून त्याच्यावरच हात उगारणाऱ्या समाजानेही अंतर्मुख व्हावे. थकलेल्या हातांत रुग्णाचे प्राण सुरक्षित कसे राहतील?