मुलांना गाळात उतरू द्या

"विद्यार्थ्यांच्या बस कशाला पाठवता? त्या डिझेलचे पैसे थेट पूरग्रस्तांना द्या." 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा हा सल्ला प्राध्यापकांच्या खोलीत ऐकला, पालकांच्या तोंडून ऐकला, आणि त्यानंतर जिथे जिथे पूर आला तिथे तिथे तो पुन्हा कानावर येतोच. सल्ला देणारी माणसं बेफिकीर नसतात. उलट, उत्साही मंडळींनी पूरग्रस्त गावात घातलेला गोंधळ त्यांनी पाहिलेला असतो. त्यांचे काही आक्षेप मला पूर्ण मान्य आहेत. पण त्यावरून मुलांनी घरी बसावं असं ठरवणं मला सपशेल चुकीचं वाटतं, आणि त्याची किंमत बुडालेलं शहर मोजतं.

आधी पैशाचं बघू. चिपळूणच्या डोक्यावर सह्याद्री, पायथ्याशी खाडी. घाटात पाऊस कोसळत असताना खाली भरती असली की वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी समुद्राकडे जायचं सोडून बाजारपेठेत शिरतं. 2005 च्या जुलैमध्येही शहर बुडालं होतं. 2021 चं पाणी त्याहूनही वर चढलं. तळमजले गेले. पाणी ओसरलं आणि मागे राहिला गाळ. हा गाळ ओला आहे तोवर फावड्याने निघतो. चार-पाच दिवस ऊन लागलं की पहार लागते. त्या चार-पाच दिवसांत खिशात पैसे असलेल्या व्यापाऱ्यालाही माणूस मिळत नव्हता, कारण रोजंदारीवर येणारा गडी स्वतःच्या घरातला चिखल उपसत होता. शहरभर एकाच वेळी हातांचा दुष्काळ पडला असताना नोटा पाठवून हात कुठून येणार?

यंत्रं होती की, असं कुणी म्हणेल. जेसीबी रस्त्यावरचा ढीग उचलतो, माजघरात शिरत नाही. चिपळूणमधल्या चिंचनाक्याच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याही कापडाच्या दुकानाची त्या आठवड्यातली अवस्था डोळ्यांसमोर आणा. शटर आतल्या गाळाने अडकलेलं. भिजलेला तागा इतका जड, की दोघांनाही उचलत नाही. काउंटर उलटा होऊन दारात आडवा पडलेला. घरात माणसं तीन, त्यातली दोन साठीच्या पुढची. अशा दुकानात दहा मुलं रांग लावून हातोहात घमेली बाहेर देतात आणि मालकीणबाई दारात उभ्या राहून सांगतात, "हे टाका, ते राहू दे, थांबा, त्या खणात खरेदीखत आहे." खरेदीखत, उधारीची वही, मुलीची गुणपत्रिका हे यंत्राला ओळखता येत नाही. मालकीणबाईंनी बोट दाखवेपर्यंत थांबणारं माणूसच तिथे लागतं.

दुसरा आक्षेप कौशल्याचा: या पोरांना येतं काय? 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं, पूररोधक बांध फुटले आणि अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. पुढच्या वसंताच्या सुट्टीत हजारो महाविद्यालयीन मुलं तिथे गेली. काम होतं घरं आतून सोलण्याचं. भिंतींचे भिजलेले तक्ते, आतलं अस्तर, फुगलेली जमीन, सगळं काढून घराचा लाकडी सांगाडा उघडा करायचा, म्हणजे तो वाळेल आणि बुरशी थांबेल. मास्क, हातमोजे, पहार आणि थोडं प्रशिक्षण एवढ्यावर ते जमलं. ते फुकट झालं नसतं तर कित्येक कुटुंबांना घराची दुरुस्ती सुरूच करता आली नसती. ही मुलं पुढेही वर्षानुवर्षं येत राहिली. आपल्याकडे 2018 च्या महापुरानंतर केरळात आयटीआयचे विद्यार्थी घरोघरी जाऊन वायरिंग, नळ, बिघडलेली उपकरणं दुरुस्त करत होते. म्हणजे कौशल्य असलेली मुलंही आहेत. त्यांना योग्य दारापर्यंत नेणारं कुणीतरी हवं.

स्थानिकांची मजुरी बुडते हा आक्षेप पहिल्या आठवड्यात लागू होत नाही. नंतर होतो. म्हणून गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम गावातल्या मिस्त्रीलाच मिळालं पाहिजे आणि मुलांनी त्यात हात घालू नये. यावर वाद घालायचं काही कारणच नाही.

खरा आक्षेप चौथा. मुलं म्हणजे ओझं: जेवण कोण देणार, झोपवणार कुठे, शिवाय पडक्या घरापुढे उभं राहून फोटो. हे घडतं आणि ते संतापजनक आहे. पण हा दोष नेणाऱ्याचा आहे. "उद्या निघू, तिथे बघू" म्हणून बस भरणारा आयोजक मुलांना सहलीलाच घेऊन जात असतो. बचावकार्य संपेपर्यंत कुणीही निघू नये. निघताना पिण्याचं पाणी, शिधा, अंथरूण, फावडी-घमेली, गमबूट स्वतःचे हवेत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं आणि लेप्टोस्पायरोसिस टाळण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारलेलं हवं, कारण पुराच्या चिखलात उंदराचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायावरच्या लहानशा चिरेतूनही ताप शिरतो. काय फेकायचं ते घरमालक सांगेल, आणि भरपाईसाठी पंचनामा व्हायचा असेल तर तो होईपर्यंत किंवा निदान मालकाने फोटो काढेपर्यंत एकही वस्तू हलवायची नाही. गाळ गटारात ढकलायचा नाही. हे शेवटचं दहा वेळा सांगावं लागतं, कारण गटार जवळ असतं आणि हात दमलेले असतात. मग पुढच्या सरीला तेच पाणी तुंबून शेजारच्या घरात जातं.

मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. आपण मुलांना नेतो पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा सगळेच जातात. दिवाळीत बाजारपेठेत कोण फिरकतं? तेव्हा लोक कागदांशी झुंजत असतात: विम्याचे दावे, रेशनकार्डाची दुय्यम प्रत, बँकेची पासबुकं, ऑनलाइन अर्ज. चिपळूणच्या मुरादपूर किंवा पेठमापमधल्या एकट्या राहणाऱ्या आजीला अर्ज भरून देणं, तिच्याबरोबर तहसील कचेरीत रांगेत उभं राहणं, हे वीस वर्षांच्या मुलीला उत्तम जमतं. कागदाचं एक काम मात्र पहिल्याच दिवसांतलं आहे. तिथल्याच 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांमध्येही पाणी गेलं होतं. भिजलेली पुस्तकं पानापानात टीपकागद घालून सावलीत वाळवायला ग्रंथालयशास्त्राच्या मुलांहून योग्य कोण?

आणि तिसरी फेरी पावसाच्या आधी, मे महिन्यात. चिपळूणकरांनी वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून आंदोलन केलं, बांधकामावर बंधनं आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांवर जाहीर वाद घातला. त्या वादात घरटी माहिती लागते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रत्येक घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण लेव्हल लावून मोजावी. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाच्या माडीवर किती जणांना चढता येईल, याची गल्लीवार यादी करून नगरपालिकेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावी. पाणी पहाटे आलं तर ती यादी कुणाचा तरी जीव वाचवेल.

यासाठी नवी योजना नको. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास द्यायचे, शिवाय सात दिवसांचं शिबिर. पदवीच्या नव्या आराखड्यात समुदाय सहभाग प्रकल्पाला श्रेयांकही आहेत. एका महाविद्यालयाने बुडालेल्या शहराचा एक प्रभाग तीन वर्षांसाठी घ्यावा. पावसाळ्यात, दिवाळीत आणि मे महिन्यात त्याच गल्लीत, शक्यतो तीच मुलं यावीत. काम काय ते प्रभागातल्या लोकांनी ठरवावं आणि त्यांनी यादी पाठवल्याशिवाय बस निघू नये. शिबिरासाठी दत्तक घेतलेल्या गावात पूर्वीच रंगवलेली भिंत पुन्हा रंगवण्यात जाणारे सात दिवस इकडे वळवता येतील. प्राचार्यांनी शिबिराच्या तारखा ठरवताना एक पत्र त्या नगरपालिकेला लिहावं आणि डिझेलची तरतूद जूनमध्येच करून ठेवावी.