आधी जेल, मग समुद्र

थंडीच्या सुट्टीत अंदमानला जायचे ठरले आणि आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडले. चिरंजीवांना समुद्र हवा होता. गंगाकाठी, बनारसमध्ये वाढलेल्या मुलाने समुद्र फक्त चित्रात पाहिलेला! मामंजींनी मात्र ठणकावून सांगितले, "आधी जेल, मग समुद्र." सासूबाई गप्पच होत्या. त्यांच्या आजीच्या वेळी काशीत समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगत. पण निघायच्या आदल्या रात्री त्यांनीच गंगाजलाची सीलबंद लोटी माझ्या बॅगेत ठेवली.

कोलकात्यापर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. थंडीत तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर बाहेर पडलेले बरे.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. आज तीनच उरल्या आहेत. एका कोठडीत एकच कैदी आणि प्रत्येक इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी दिसूसुद्धा नये! बैलांच्या जागी माणसांना जुंपून तेलाचा घाणा चालवत, हे ऐकून मुलाची बडबड थांबली.

कोणतेही मराठी कुटुंब इथे येते ते सावरकरांची कोठडी पाहायला. १९११ ते १९२१ ही वर्षे त्यांनी इथे काढली. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच जेलमध्ये होते. आम्हीही तिथे हात जोडले. खाली अंगणात आल्यावर मामंजींनी नातवाला विचारले, "आता आपल्या गावच्या माणसाचे नाव सांग बरे."

मुलाने माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे. इतकी वर्षे बनारसमध्ये संसार केला, पण मला उत्तर येत नव्हते. खरे सांगते, लाज वाटली.

मग मामंजींनीच सांगितले. शचींद्रनाथ सान्याल बनारसचे. रासबिहारी बोस काशीत लपून राहिले, तेव्हा सान्याल त्यांचे उजवे हात होते. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून परतले, तेही रासबिहारींना भेटायला काशीलाच आले. फेब्रुवारी १९१५ मध्ये सैन्यात उठाव करायचा बेत होता. तो फुटला. पिंगळ्यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फाशी झाली आणि सान्यालांना बनारस कटाच्या खटल्यात काळ्या पाण्याची जन्मठेप! १९२० मध्ये ते सुटले, 'बंदी जीवन' हे पुस्तक लिहिले, पुन्हा चळवळीत पडले आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले.

"सुटल्यावर पुन्हा कशाला गेले?" मुलाने विचारले. मामंजी म्हणाले, "तेच समजून घ्यायला तुला आधी इथे आणले."

जेलसमोरच्या वीर सावरकर उद्यानात इथे प्राण गेलेल्या सहा बंद्यांचे पुतळे आहेत. त्यातले महावीर सिंह आमच्या उत्तर प्रदेशचे. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना त्यांचा मृत्यू झाला. सासूबाईंनी लोटी मागून घेतली आणि जवळच्या झाडाच्या मुळाशी गंगाजल ओतले. "गंगा शेवटी ह्याच समुद्राला मिळते ना!" एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीपला गेलो. २०१८ पर्यंत याचे नाव हॅवलॉक होते. राधानगरची पांढरी वाळू, निळे पाणी आणि काठाशी उंच झाडांची गर्दी! मुलगा तासभर पाण्यातून बाहेर येईना. निघताना खिसाभर प्रवाळाचे तुकडे घेऊन आला, तेव्हा मीच ते परत ठेवायला लावले. अंदमानहून प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे, मग ते किनाऱ्यावर पडलेले मृत का असेना.

मैत्रिणींनो, अंदमानला मुलांना घेऊन जाणार असाल, तर मामंजींचा क्रम पाळा. समुद्र पाहिल्यावर मुलांचे जेलमध्ये लक्ष लागत नाही. जेल पाहून मात्र ती समुद्राकडे वेगळ्या नजरेने पाहतात. निघण्यापूर्वी आपल्या गावचे, जिल्ह्याचे कोणी तिथे होते का, तेवढे शोधा. एका ओळखीच्या नावाने त्या भिंती बोलू लागतात.

घरी परतल्यावर चिरंजीवांचा पहिला प्रश्न होता, "आजोबा, सान्यालांचे घर कुठल्या गल्लीत होते?" मामंजी म्हणाले, "चल, रविवारी विचारत जाऊ." त्या रविवारी आम्ही सगळेच निघालो.