सरकार मालक झाले म्हणून काय झाले?



सरकारी नोकरांनी संप पुकारला की आपल्याच चाळीत, आपल्याच नाक्यावर एक सूर ऐकू येतो. "यांना काय कमी आहे? नोकरी पक्की, रजा भरपगारी. वर आणखी संप कशाला?" हा सूर आपल्या तोंडात कुणी घातला, ते आधी पाहू या.

एक पंडितमंडळी आहे. तिचे म्हणणे असे की, सरकारने धंद्यात हात घालू नये. मजुरी बाजार ठरवील, किंमत बाजार ठरवील; सरकारने फक्त चोर पकडावेत आणि सरहद्द राखावी. हे तत्त्वज्ञान कापडगिरण्यांच्या मँचेस्टरातच पोसले गेले. तिथला पुढारी जॉन ब्राइट स्वतः गिरणीवाला. बायकापोरांना दहा तासांवर राबवू नये असा कायदा १८४७ साली आला, तेव्हा त्याने याच तत्त्वावर विरोध केला. आणि गंमत पाहा! त्याच इंग्लंडात १७९९ पासून १८२४ पर्यंत पगारवाढीसाठी कामगारांनी एकत्र येणे हाच गुन्हा होता. म्हणजे मालकाच्या व्यवहारात सरकारने हात घालायचा नाही, पण कामगारांनी एकी केली की तोच हात थेट त्यांच्या मानगुटीवर! आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

बरे, सरकारच मालक असेल तर? तिथे पंडित म्हणतात, सरकारी नोकराचा मालक जनता. त्याने वाटाघाटीला बसणे म्हणजे जनतेच्या खिशात हात घालणे. ऐकायला गोड आहे. पण पगार ठरवताना जनता कुठे असते हो? तिथे असतो अर्थखात्याचा साहेब.

हा साहेब कसा वागतो, याचा दाखला घ्या. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसले आणि किमान वेतन कसे मोजायचे ते एकमताने ठरले. कमावत्या माणसामागे घरात तीन पुरती खाणारी तोंडे धरायची, दर तोंडाला दिवसाला २७०० कॅलरीचे अन्न, घराला वर्षाला ७२ वार कापड, भाडे वेगळे, जळण-दिवाबत्ती वेगळी. ७२ वार म्हणजे किती, हे साच्यावर उभ्या राहणाऱ्याला आम्ही काय सांगावे!

पुढे केंद्राच्या नोकरांसाठी दुसरा वेतन आयोग बसला. नोकर म्हणाले, परिषदेत ठरलेले माप आम्हालाही लावा. तेव्हा अर्थखात्याने हात झटकले. ते ठराव सरकारवर बंधनकारक नाहीत म्हणे! मालकांना उपदेश करायला माप हजर, स्वतःवर वेळ आली की माप गायब. १९५९ साली आयोगाने सगळे धरून किमान ८० रुपये ठरवले.

११ जुलै १९६०च्या मध्यरात्री रेल्वे, टपाल-तार आणि संरक्षण कारखान्यांतले कामगार संपावर गेले. पुढाऱ्यांत आपले एसेम जोशीही होते. संपाला तीन दिवस उरले असतानाच सरकारने वटहुकूम काढून संप हाच गुन्हा ठरवला. हजारो लोक तुरुंगात गेले. पाच दिवसांत संप मोडला आणि मग संघटनांची मान्यताही काढून घेतली.

बंधूंनो, नीट पाहा. गिरणीचा मालक कितीही आडमुठा असला तरी त्याला रातोरात कायदा लिहिता येत नाही. सरकार मालक असते तेव्हा पगार तेच ठरवते, कायदा तेच करते, पोलीसही त्याचेच. अशा मालकासमोर एकट्या कारकुनाची किंवा खलाशाची काय पत्रास? म्हणून आम्ही म्हणतो, सामुदायिक वाटाघाटीचा हक्क खासगी गिरणीत हवाच, पण सरकारी खात्यात तो अधिकच हवा. १९८३ साली मुंबईच्या १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. दारावरची पाटी बदलली. पोट तेच राहिले ना?

दवाखाना आणि पाणीपुरवठा बंद पडला तर गरीबच मरतो, हेही खरे. ते आम्ही नाकारत नाही. पण मग संपाच्या बदल्यात असा लवाद द्या की त्याचा निवाडा सरकारलाही पाळावा लागेल. १९६६ साली केंद्राने संयुक्त सल्लागार यंत्रणा काढली. पगार, कामाचे तास आणि रजा यांवर लवादाची सोय केली. पण वर पाचर मारून ठेवली की, निवाड्यावर शेवटचा शब्द संसदेचा. म्हणजे बहुमत ज्या मालकाचे, तोच निवाडा फिरवणार!

२००३ साली तामिळनाडूत संप झाला. सरकारने लाखाहून अधिक नोकर एका फटक्यात काढले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी नोकरांना संपाचा हक्क कायद्याने नाही आणि नीतीनेही नाही. बहुतेकांना परत घेतले, पण बिनशर्त माफीनामा लिहून घेऊन. नोकरशाही फुगली आहे, ती कापा, असे म्हणणाऱ्या मंडळींना त्या दिवशी सरकारचा हात मुळीच जड वाटला नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भारत १९१९ पासूनचा सभासद. संघटना बांधण्याचा करार क्रमांक ८७ आणि सामुदायिक वाटाघाटीचा करार क्रमांक ९८ हे १९४८ आणि १९४९ सालचे. दोन्हींवर भारताची मोहोर अजून उठलेली नाही. कारण सरकारनेच सांगितले आहे: मोहोर उठवली तर सरकारी नोकरांवरची बंधने सोडावी लागतील. नाक्यावर पुन्हा तो सूर निघाला, तर एवढे कारण तेवढे त्यांना ऐकवा.